मावसाजींचा तळहात आणि मालकाचा काटा

अन्याय माझ्या मावशीच्या यजमानांवर झाला, मंगळवारी सकाळी साडेदहाला, नालवाडीच्या एका गॅरेजात, माझ्या डोळ्यांदेखत. ज्यांच्या उजव्या तळहाताइतकं खरं बोलणारं यंत्र अख्ख्या वर्धा जिल्ह्यात नाही, त्यांच्या ट्रकच्या गिअरबॉक्सला मालकानं तापमान सांगणारा सेन्सर बसवून घेतला आणि सगळ्यांसमोर बजावलं, "आता हात लावणं बंद. काटा लालवर गेला तरच गाडी थांबवायची. उगाच थांबवली तर घरी बसा." मावसाजी फक्त टोपी सारखी करत राहिले. मी कामगारांच्या मोर्च्यांची पत्रकं लिहिणारी, मला गप्प बसवत नाही. पण त्यांनी डोळ्यांनीच दटावलं.

मालकाचीही बाजू सांगते, कारण मावसाजी थांबायचे फार. कापसाच्या गठाणी घेऊन नागपूरला निघाले की धाम नदीच्या पुलापलीकडे पहिला थांबा. ट्रकखाली शिरायचं, गिअरबॉक्सवर तळहात टेकवायचा आणि रस्त्यातली गावं सावकाश म्हणायची: पवनार, सेलू, केळझर, बुटीबोरी. चटका सोसेनासा होऊन हात ज्या गावाला सुटेल, तेवढी गाडी तापली. केळझर गाठलं तर काळजी नाही. पवनारलाच सुटला तर धोका. हे माप त्यांनी घरातही आणलं होतं. बशीतला चहा बुटीबोरीला गेला म्हणून मावशीकडे परत जायचा. पंगतीत वाढप्याला विचारायचे, "वरण कुठवर आलं?" मुलीला बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर कप ठेवत म्हणाले, "सेलूचा आहे, जपून घ्या." पाहुणे सेलूचेच, ते उगाच सुखावले आणि जीभ भाजून घेतली. लग्न जमलं, हे मावशीचं नशीब.

तर सेन्सर. तेल गळू नये म्हणून मिस्त्रीनं त्याच्या आट्यांवर नळाला लावतात ती पांढरी टेप सढळ हातानं गुंडाळली, सेन्सर बुचाच्या जागी आवळला आणि त्याची एकुलती एक वायर डॅशबोर्डवरच्या काट्याला जोडली. पंधरा दिवस काटा थंडवर झोपून होता. मालक रोज फोन करी, "काटा हलला काय?"

"नाई."

"मंग? मी काय म्हणत होतो?"

शनिवारी मी त्यांच्यासोबत नागपूरला निघाले. पूल ओलांडताना मावसाजींनी धामकडे पाहिलंसुद्धा नाही. सेलू मागे पडलं आणि त्यांनी गाडी बाजूला घेतली.

"मावसाजी, नोकरी जाईल."

"गिअरचा दांडा चटके देऊन राह्यला, पोरी. काट्याले झोपू दे."

ते खाली शिरले. मी कान लावून होते. "पव" एवढंच ऐकू आलं.

फोन केल्यावर मालक मिस्त्रीला मोटरसायकलवर घेऊन आला तो भांडायच्या तयारीनंच. मिस्त्रीनं तेल तपासलं. ते निम्म्यावर आलं होतं, मागच्या सीलमधून गळून. अजून थोडं चालवलं असतं तर गिअरबॉक्स जळाला असता. "मंग काटा काऊन नाई हलला?" मालक म्हणाला. माझ्या डोक्यात पत्रकाचा मथळासुद्धा तयार झाला: यंत्र खोटं, माणूस खरा.

मावसाजींनी तो मथळा पाडला. गाडी निवल्यावर सेन्सर काढला, त्यावरची टेप पाहिली आणि हसले. "याचं काय चुकलं? याले वायर एकच, दुसरीचं काम गाडीचं लोखंड करते. आटे लोखंडाले लागले तरच याची बोलती सुरू होते. तुमी त्याच्या तोंडाले पट्टी बांधली, अन म्हणता ठंडा आहे." मिस्त्री रस्त्याकडे पाहू लागला. टेप खरवडून सेन्सर परत बसला, सील बदललं, नवं तेल भरलं, आणि केळझरपर्यंत काटा आळोखेपिळोखे देत उठला. मालक "बरं झालं" एवढंच म्हणाला. माझ्या हिशेबी ती माफी नव्हे. मावसाजींना मात्र ती पुरली, आणि घरी बसण्याची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

पुढचा आठवडाभर ते थांबून हात टेकवत, गाव म्हणत, वर येऊन काटा बघत. मग मावशीच्या नेलपॉलिशनं त्यांनी काट्याच्या काचेवर तीन टिकल्या लावल्या. पवनार, सेलू, केळझर. मालकाला अजून वाटतं, ती शोभा आहे.

परवा पुन्हा त्यांच्यासोबत गेले. धामच्या पुलापलीकडे ते खाली शिरले. हात बुटीबोरीपर्यंत टिकला. वर आले, चष्मा लावला. काटा मात्र सेलूवर होता, म्हणजे गाडी चांगलीच तापलेली. त्यांनी कितीतरी वेळ घट्टे पडलेला तळहात उलटसुलट करून पाहिला. "रस्ता लांबला, पोरी," म्हणाले आणि गाडी सुरू केली. आता ते आधी काटा बघतात. मग तरीही खाली शिरतात.

म्हणून नागपूर रोडवर ट्रकखाली शिरून गावांची नावं पुटपुटणारा माणूस दिसला, तर मागून हॉर्न वाजवू नका. उतरा, वाका आणि विचारा, "काका, कुठवर आलं?" बुटीबोरी म्हणाले, तरी मान डोलवा.