रुईवाल्याचा भिडू

कामरगावच्या बसस्टँडाजवळ प्रसेनजितचं पंखे-मिक्सर दुरुस्तीचं दुकान हाये. जाड भिंगाचा चष्मा, बोलणं मोजकं. पण कोणी जुन्या जिनिंगचं नाव काढलं का हा माणूस हातातला पेचकस खाली ठेवते आन् सांगतच सुटते.

जिनिंग म्हणजे कापसातली सरकी काढाचा कारखाना, गावाबाहेर, कवाचंच बंद पडलेलं. तिथं म्हणे एक मजूर कापसाच्या ढिगाखाली गुदमरून मेला, आन् त्याचं भूत अंगभर रुई चिकटवून फिरे. पोरं त्याले रुईवाला म्हणत. भेव तं लय वाटे, पण विटीदांडूले तेवढी मोकळी जागा दुसरी नव्हती. दोन-दोन भिडूंच्या जोड्या पाडल्या का एक पोरगा हमखास उरे. प्रसेनजित. मंग पोरांनी ठरवलं, याचा भिडू रुईवाला! आपला डाव झाला का प्रसेनजित रुईवाल्याचा डावबी खेये, त्याच्यासाठी भांडे, आन् विटी भिंतीपल्याड गेली का एकटाच आतमंदी घुसे.

"मी भेत नव्हतो, म्हणून तं भूत मले देलं," हे त्यानं बायकोले, रत्नमालाले, लग्नाच्या पयल्याच आठवड्यात सांगतलं. पोरीले झोपवतानी सांगतलं. आता पोरगी अमरावतीले शिकाले. खेयणारे सारे पांगले. हे खरं होतं म्हणणारं गावात कोणी उरलं नाई.

म्हणून त्या खेयणाऱ्या पोरांतला युसूफ पुण्याहून भाचीच्या लग्नाले आला हे कळलं, तसं प्रसेनजितनं भर दुपारी शटर पाडलं. 'तू लय डेअरिंगबाज होता बे,' एवढं एकदा युसूफच्या तोंडून ऐकाचं होतं त्याले. गाडीवर बसवून त्याले थेट जिनिंगवर नेलं.

"अबे, इथं तं बाभळीचं जंगलच झालं!"

"रुईवाला आठवते का?"

युसूफनं त्याच्या पाठीत धपाटाच घातला. "नाई कसा आठवन? आपल्यातल्या अजहरनंच तं काढला होता तो!"

"काढला म्हणजे?"

"तुले विटी दिसेच नाई बे! तुले भिडू कोण घेईन? आन् तू रुसून घरी चालला का दांडू घेऊन जाये, दांडू तुयाच बापानं छिललेला ना! मंग अजहर बोलला, याले एक भूत देऊन टाका, खेळ तं चालू राहीन."

"आन् तो मजूर?"

"कायचा मजूर? कोणीच नव्हतं मेलं, यार." युसूफ हसून हसून डोळे पुसून राह्यला होता.

प्रसेनजितबी हसला. "हो बे. भंगारच खेयत होतो मी."

युसूफचा फोन वाजला, घरचे बोलावून राह्यले होते. प्रसेनजितनं त्याले मांडवापाशी सोडलं.

"जेवून जा ना बे, बिर्याणी हाये."

"नाई रे. दुकान उघडंच टाकून आलो."

शटर उघडून तो पंखा खोलाले बसला. दिवस बुडता बुडता रत्नमालाचा फोन आला.

"अवो, भेटला का युसूफ?"

"भेटला."

"मंग? आठवते का त्याले तुमचं?"

"हो," प्रसेनजित म्हणे, "सारंच आठवते त्याले."

आन् ती अजून काई विचाराच्या आत त्यानं विचारलं, "भाजी कायची केली?"