कुंडीतला चाकू

वर्लिन स्टॅम्परच्या पायाला भिंगरी आहे. शेरिफचा डेप्युटी तो; सकाळी कोर्टाच्या दारात मेटल डिटेक्टरपाशी पहारा, दुपारी वॉरंटं घेऊन डोंगरातल्या वस्त्या पालथ्या घालायच्या. दारात तरी एका जागी उभं राहावं की नाही? छे! मी कोर्टाच्याच इमारतीत, दारासमोरच्या सरकारी खिडकीत बसून गाड्यांच्या नंबरप्लेटा देते. याच्या येरझाऱ्या बघून मलाच गरगरतं.

आमच्या पूर्व केंटकीत खिशात चाकू नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. कोर्टात चाकू चालत नाही, आणि तो गाडीत ठेवायला परत जायचा सगळ्यांना कंटाळा. मग दाराबाहेरच्या जिरेनियमच्या कुंडीत खुपसायचा आणि काम उरकलं की काढून घ्यायचा. वर्लिन कानाडोळा करतो. पण कुठला चाकू कुणाचा, हे त्याला पाठ.

त्या मंगळवारी तो जेवून परतला, सवयीनं कुंडीत डोकावला आणि थिजलाच. तसाच माझ्या खिडकीशी आला.

"ओपल, पिवळी मूठ, चिकटपट्टी गुंडाळलेली. रॉयस टॅकेट आत आहे!"

रॉयस एका जुन्या खटल्याच्या तारखेला हजर राहिला नाही म्हणून त्याच्यावर वॉरंट निघालेलं. वर्लिन महिनाभर त्याच्यामागे वणवण करत होता, शेरिफची बोलणी खात होता. आणि हा पठ्ठ्या, जेवणाच्या सुट्टीत दारात बसलेल्या नव्या डेप्युटीच्या नाकासमोरून खुशाल आत!

"मग धर की जाऊन," मी म्हटलं.

"आज लॉटीची केस आहे गं."

लॉटी रॉयसची मुलगी. तिच्या आईनं दुसरं लग्न केलेलं, आणि नवा नवरा पोरीला दत्तक घेणार होता. रॉयसनं जजबाईंसमोर उभं राहून 'नाही' म्हटलं नाही, तर बाप म्हणून त्याचं नाव आजच कटणार. आणि आत्ता धरला, तर तुरुंगाच्या सोपस्कारात इकडे केस उरकून जाणार.

वर्लिनचा वॉकीटॉकी खरखरला. शेरिफच. "टॅकेटचा पत्ता लागला का?"

"संध्याकाळपर्यंत आणतो."

"कुठून आणणार?"

"आणतो म्हटलं ना, साहेब!"

"अरे, मागच्या दारानं पळाला म्हणजे?" मी विचारलं.

"तर माझी नोकरी गेली." तो कोर्टाच्या खोलीपर्यंत जाई, कान लावी, परत येई. शर्ट घामानं भिजला होता.

शेवटी दार उघडलं. आधी लॉटीची आई आणि तिचा नवरा तणतणत बाहेर पडले. मागून रॉयस, त्याची बाही धरून लॉटी.

"जजबाईंनी दत्तक थांबवलं, वर्लिन," रॉयस म्हणाला आणि दोन्ही हात पुढे केले. "घाल बेड्या."

"पोरीसमोर? डोकं ठिकाणावर आहे का तुझं? चल गाडीकडे."

बाहेर आल्यावर वर्लिननं कुंडीतला चाकू काढला, विजारीला पुसला आणि लॉटीला दिला. "बापाचा आहे. सांभाळ."

तिनं तो उलटसुलट करून पाहिला आणि परत मातीत खुपसला.

"राहू दे. सुटले की ते इथूनच घेतील. तुम्ही आहात ना इथं, वर्लिनकाका?"

"आहे," तो कसाबसा म्हणाला.

रॉयस अजून तुरुंगात आहे. परवा माळी कुंडी बदलायला आला, तर वर्लिन त्याच्या अंगावरच धावून गेला. हल्ली तो जेवायलाही कुठे जात नाही. कुंडीशेजारी पायरीवर बसून डबा खातो.