बुऱ्हाणपूरला कोण कोण येणार?

शाळेच्या स्टाफरूममध्ये किस्से साचतात कसे, ते सांगते. फळ्याखाली खडूचा भुगा साचतो ना, तसे. रोज थोडा पडतो, झाडत कोणी नाही, आणि एक दिवस पदर लागला की अख्खा पदर पांढरा! धुळ्यातल्या देवपूरच्या आमच्या शाळेतला माझा पदर असा पुष्कळदा पांढरा झालाय. पण सत्तर सालच्या आसपास आम्ही दसऱ्याला बुऱ्हाणपूरला जायचं ठरवलं, तेव्हा मात्र मी आपादमस्तक माखले.

बुऱ्हाणपूर म्हणजे रावेरच्या पुढे, हद्द ओलांडली की लगेच. गाव जुनं, तापीच्या काठावर बालाजीची जत्रा मोठी, आणि माव्याची जिलेबी तर विचारूच नका. कल्पना कोणाची निघाली, आठवत नाही. जबाबदारी कोणावर पडली, ते मात्र पक्कं आठवतं.

हेडसर म्हणाले, "बाई, ट्रिपचं तुम्ही बघा."

"मीच का?"

"भूगोल तुमच्याकडे आहे. नकाशा तुमच्या कपाटात, म्हणजे ट्रिपही तुमचीच!"

*

पहिलं भांडण रस्त्यावरून. निम्मे म्हणत, रेल्वेने चाळीसगाववरून जाऊ. निम्मे म्हणत, एसटीने जळगाव गाठू आणि तिथून रेल्वे धरू. मधल्या सुट्टीत सुरू झालेला वाद शाळा सुटेपर्यंत चालला. नववीचा एक तास त्यात बुडाला, वर्गातली पोरं तेवढी खूश!

शेवटी हेडसरांनी टेबलावर डस्टर आपटलं. "बास! जाताना एसटीने, येताना रेल्वेने. फायनल!"

मी सुटकेचा श्वास घेतला.

मग हेडसर जरा मऊ होऊन म्हणाले, "आणि ज्यांना हे पटत नसेल, त्यांनी जाताना रेल्वेने, येताना एसटीने!"

*

राहायची सोय कांतिलालभाऊंनी अंगावर घेतली. शाळेसमोर त्यांचं कापडाचं दुकान. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ते आमच्याच स्टाफरूममध्ये. त्यांची धाकटी बहीण बुऱ्हाणपूरला दिलेली, घर ऐसपैस. "ट्रंककॉल करू, काम खतम," म्हणाले.

मी बरोबर गेले. कॉल लागेपर्यंत पोस्टातल्या बाकावर माझी पाठ अवघडली. लागला, तर आवाज असा, की बहीण विहिरीतून बोलतेय!

कांतिलालभाऊ ओरडले, "आम्ही दसऱ्याला येतोय! दसऱ्याला!"

पलीकडून तिचा आवाज थेट माझ्यापर्यंत पोचला. "दुसऱ्याला? दुसऱ्याकडे कशाला? माझं घर काय पडलं का?"

"अगं दुसऱ्याला नाही, दसऱ्याला!"

"तेच विचारतेय ना मी! सख्खी बहीण गावात असताना दुसऱ्याकडे उतरता?"

आणि लाइन कट! आम्ही किती माणसं, कधी येणार, काही सांगायचं राहिलंच. चार दिवसांनी तिच्या दिराचा निरोप आला, "वहिनी रडताहेत. सगळ्यांना घेऊन या, पण दुसरीकडे उतरू नका."

*

आता आमचे आबा. आबा पाटील, ड्रिल मास्तर, मूळचे पारोळ्याचे. मैदानावर त्यांचा आवाज पांझरा नदीच्या पलीकडे जायचा. ट्रिपचं नाव निघालं की ते चिडायचे.

"आम्हना पारोळाना बालाजी काय वाईट शे का? त्यालेबी रथ शे!"

"आबा, पण तिथे तापी आहे."

"आम्हनाकडे बोरी शे!"

मला वाटलं, गावाचा अभिमान. एवढं काय! पण कांतिलालभाऊंनी मला बाजूला घेतलं. "बाई, बुऱ्हाणपूर त्यांची सासुरवाडी आहे. लग्नानंतर पायरी चढले नाहीत."

झालं होतं असं. लग्नाच्या पंगतीत सासरे बोलून गेले, "धुळ्याचा जावई केलाय, आता घर रोज झाडावं लागेल!" सगळा मांडव हसला, आबा सोडून. त्यांच्या बायको, सुमनवहिनी, तेव्हापासून माहेरी एकट्याच जायच्या. आणि दर वेळी येताना म्हाताऱ्या वडलांचा तोच प्रश्न घेऊन यायच्या, "जावईबापू कधी येतील?"

मी आबांना समजवायला गेले. "आबा, साधी थट्टा हो ती! धुळे, धूळ..."

आबा लालबुंद. "बाई, मी धुळानाबी नई! मी पारोळाना शे!"



*

निघायच्या सकाळी धुळ्याच्या स्टँडवर आबा आले ते फक्त वहिनींना पोचवायला. तसं त्यांनी प्रत्येकाला गाठून सांगितलं. वहिनींची ट्रंक वर चढवायला गाडीत शिरले आणि कंडक्टरने टणकन घंटी मारली. गाडी सुटली!

"थांबवा, थांबवा!" आबा.

"आता पारोळ्याला उतरा, मास्तर. तुमचंच गाव आहे!" कांतिलालभाऊ म्हणाले.

आबा धुसफुसत मागच्या सीटवर बसले. पारोळा आलं. कंडक्टर ओरडला, "पारोळाऽऽ!" कोणी उठलं नाही. मी मागे वळून पाहिलं, तर आबा डोळे गच्च मिटून, मान कलती टाकून घोरताहेत!

मी हाक मारणार, तेवढ्यात सुमनवहिनींनी माझा हात दाबला आणि ओठांवर बोट ठेवलं.

गाडी हलली. घोरणं एरंडोलपर्यंत थांबलं नाही.

*

जळगाव स्टेशनात डबे उघडले. मी सगळ्यांना बजावलं होतं, प्रत्येकाने काहीतरी आणा. आणलं! हेडसरांकडे मिरचीचा ठेचा. जोशी सरांकडे ठेचा. वहिनींकडे शेंगदाण्याचा ठेचा. भाकरी कोणाकडेच नाही, कारण भाकरी 'दुसरं कोणीतरी आणेलच'!

हेडसरांनी डब्यांवरून शांतपणे नजर फिरवली. "म्हणजे जेवण आहे. फक्त खाता येणार नाही!"

मी प्लॅटफॉर्मवर जाऊन केळी घेऊन आले. ठेचा आणि केळं खाऊन बघा कधी.

*

रावेर मागे पडलं तसे विज्ञानाचे जोशी सर अस्वस्थ झाले. माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं, "बाई, मध्य प्रदेश लागला की घड्याळ किती पुढे करायचं?"

मी कपाळाला हात लावला. त्यांनी घड्याळाला!

*

बुऱ्हाणपुरात कांतिलालभाऊंच्या बहिणीने आमचं आगतस्वागत असं केलं, की माझा सगळा राग जिलेबीत विरघळला. आबा मात्र ओट्यावरून हलेनात. "मी आठेच बरा शे." वहिनी माहेरी गेल्या, एकट्याच. जाताना त्यांनी वळूनसुद्धा बघितलं नाही. ते मला फार लागलं.

दसऱ्याला संध्याकाळी आम्ही सगळे त्याच ओट्यावर रथाची वाट बघत बसलो होतो. गर्दीतून वहिनी आल्या. त्यांच्या खांद्याला धरून एक वाळलेले म्हातारबाबा, धोतर, काळी टोपी, हातात आपट्याची पानं. आबा ताडकन उठले. पळायला मागे भिंत होती.

म्हातारबाबा पायरी चढले, थांबले, दम घेतला. मग म्हणाले, "जावईबापू, सोनं धाकट्यानं मोठ्याला नेऊन द्यायचं असतं, ठाऊक आहे मला. आज मीच धाकटा. घ्या."

हात पुढे केला.

आबांनी पानं दोन्ही हातांनी घेतली. वहिनी श्वास रोखून उभ्या. आबांनी घसा खाकरला, पुन्हा खाकरला, टाचा जुळवल्या, छाती पुढे काढली, आणि सबंध गल्ली दणाणेल अशा आवाजात ऑर्डर दिली,

"साऽऽवधान!"

आम्ही सगळे, हेडसरांसकट, ओट्यावर ताठ उभे राहिलो. म्हातारबाबासुद्धा!