उपरण्याखालचं मधलं बोट

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. आमच्या कुरुंद्यात कुणाचं काही झाकून राहत नाही. पण माझ्या शेजारी राहणाऱ्या, बैलांचे सौदे जुळवणाऱ्या दलालांचा उजवा हात मात्र गावानं कधी धड पाहिला नाही. तो कायम उपरण्याखाली. बाजारात उपरण्याखाली एकमेकांची बोटं दाबून गुपचूप भाव ठरवायची सवय त्यांच्या इतकी अंगात मुरली होती, की भाजीवालीपुढंही ते उपरणं पसरायचे. ती वैतागून म्हणायची, "दादा, वांगे हायेत, बैलं न्हाईत."

त्यांची लेक नर्स म्हणून स्पेनला गेली, तिथंच तिनं संसार मांडला आणि तिथंच आजारात गेली. मागं राहिलेली नात फक्त स्पॅनिश बोलायची. ती बापासोबत दिवाळीला येणार असं कळलं, तसे दलाल माझ्याकडे आले. "गुरुजी, तिची माय कशी गायची, कशी पळायची, ते मला तिच्या भाषेत सांगायचंय. समदं झालेलंच हाय. झालेलंच शिकवा."

मी मोबाईलवरून स्पॅनिशचा भूतकाळ शिकायचो आणि सकाळी हॉटेलच्या बाकावर त्यांना शिकवायचो. उघड्या हातानं त्यांना काही आठवेना. मग आमचे हात उपरण्याखाली गेले. अंगठा म्हणजे मी, पहिलं बोट तू, मधलं ती, पुढची दोन आम्ही आणि तुम्ही, मनगट म्हणजे ते सगळे. मी अंगठा दाबला की ते पुटपुटत, "कान्ते", मी गायलो. पहिलं बोट दाबलं की "कान्तास्ते", तू गायलीस. चालणं, खाणं, राहणं, सगळी क्रियापदं अशीच बोटांवरून फिरायची. आधीचं बोट पक्कं झाल्याशिवाय पुढच्याला हात लावायचा नाही, हा त्यांचाच नियम. आणि नातीसमोर बोलेपर्यंत कुणाला सांगायचं नाही, ही शपथ.

गावानं मात्र ओळखलं की सौदा चाललाय. त्यांचा मुलगा एका सकाळी हॉटेलात माझ्यापुढं उभा राहिला. "गुरुजी, खरं सांगा. बाबा हळदीचं वावर इकून राहिलेत का?" भोवती बाकं भरली होती, आणि मला हशा हवा होता. मी म्हणालो, "भाव जमत आलाय."

हशा मिळाला. मुलगा हसला नाही. त्या संध्याकाळी त्यांच्या घरातला आवाज माझ्या अंगणापर्यंत आला. दलालांनी शपथ मोडली नाही, खुलासा केला नाही. फक्त हॉटेलात येणं थांबवलं. मी पलीकडे जाऊन मुलाला सांगायला हवं होतं. उद्या जाऊ, असं रोज म्हणालो. आमची दोनच बोटं पक्की झाली होती. त्यांची लेक मधल्या बोटावर होती.

नात आली. मलाही बोलावणं होतं. ओसरीवर सगळे बसलेले, मुलगा माझ्याकडे पाहत नव्हता. पोरीनं भिंतीवरच्या आईच्या फोटोकडे बोट दाखवलं आणि आजोबांकडे पाहिलं. दलालांनी तिच्या मांडीवर उपरणं पसरलं, खाली तिचा हात धरला. अंगठा. "कान्ते." पहिलं बोट. "कान्तास्ते." मग मधल्या बोटावर येऊन ते थांबले. ओठ नुसते हलत राहिले. मुलगा उपरण्याकडे पाहत होता. सौदा कसला होता, हे त्याला त्या क्षणी कळलं. पोरीनं आजोबांकडे, मग फोटोकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "कान्तो?"

"कान्तो," ते म्हणाले. ती गायली. एवढंच सांगून झालं. पळणं, हसणं, राहणं सगळं राहूनच गेलं.

गेल्या उन्हाळ्यात ते अंथरुणाला खिळले, तेव्हा भेटायला गेलो. त्यांनी उपरणं ओढून आमचे हात झाकले, माझं मधलं बोट दाबलं आणि वाट पाहिली. मी म्हणालो, "कान्तो." ते म्हणाले, "बराबर."

घरून येताना मी एक क्रियापद पाठ करून आलो होतो. 'मी चुकलो'. ते अंगठ्यावरचं. त्यांचा अंगठा माझ्या हातात होता. दिवेलागण होईपर्यंत मी तो न दाबता नुसता धरून बसलो.