केकपाशी

भाऊजींना अर्धांगवायूचा झटका आला, त्या दिवसापासून ताईचं घराबाहेर पडणं थांबलं.

हिंगण्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले भाऊजी पलंगावरून तिला सारखी हाक मारत. दुसऱ्या कोणाच्या हातून पाणीही घेत नसत. मूलबाळ नव्हतं. मी धाकटी बहीण, एका महाविद्यालयात ग्रंथपाल. दर रविवारी जात असे. "मी बसते इथे, तू जरा फिरून ये," म्हटलं की ताई चप्पल घाली, फाटकापर्यंत जाई, आणि आतून "अवं, कुठं गेली?" ऐकू आलं की परत येई.

रविवारी ती चॉकलेटचा केक करी. घरचं लोणी आणि साखर परातीत तळहाताने फेसायची, पार पांढरी होईपर्यंत. मी मदतीला गेले की म्हणे, "तू आपली पुस्तकं चाळ वं. लोण्यातलं तुले काही समजत नाही." मग अंडी, मैदा, चांगला सढळ कोको. डबा जाड पातेल्यातल्या तापलेल्या वाळूवर ठेवायचा, वर झाकण, झाकणावर वरवंटा.

आतून हाक आलीच.

"केकपाशी!" ताई ओरडे.

"केक करून राहिली का घर बांधून राहिली?"

"सोडून उठली तर करपते. मंग वाळू खा लागन तुमाले!"

भाऊजी मग वाट पाहत. तो केक त्यांना फार आवडे. ताई मागच्या दाराच्या उंबऱ्यावर बसे, पाय बाहेर अंगणात सोडून. हातात काही नसे. माझ्याशीही बोलत नसे. केकचा वास घरभर पसरला, की उठे.

तिचे कष्ट वाचावेत म्हणून मी एकदा विजेचा ओव्हन नेला. तिने त्याची कळ फिरवून पाहिली.

"हे आपोआप बंद होते?"

"हो. तुला तिथं बसायलाच नको."

तिने ओव्हन परत खोक्यात ठेवला. "मंग मी काहून बसू तिथं? त्यायले काय सांगू?"

खोकं मी घरी घेऊन आले.

मागच्या हिवाळ्यात ताई झोपेतच गेली. भाऊजी आता माझ्याकडे असतात. रविवारी मी वाळू तापवते. माझा केक मधोमध खचतो. भाऊजी नावं ठेवत खातात. हाक आली की मी उंबऱ्यावरून ओ देते.

ओव्हन अजून खोक्यातच आहे.