गप्प बसून शिकलेली भाषा

माझे काका, म्हणजे माझ्या मावशीचे यजमान, आयुष्यभर छापखान्यात प्रुफं तपासत होते. दुसऱ्याची चूक सापडली की त्यांच्या चेहऱ्यावर तेज यायचं. लग्नपत्रिका हातात पडली की नवरानवरीची नावं वाचायच्या आधी ते त्यातल्या चुकांवर पेन्सिलीने गोल करायचे. पाठीमागे आम्ही सगळे त्यांना 'शुद्धिपत्र' म्हणायचो. मावशी इस्पितळात नर्स होती आणि स्वभावाने अगदी उलट. तिला कुणाच्या चुकांशी काही देणंघेणं नव्हतं, स्वतःच्याही नाही.

दोघं निवृत्त झाल्यावर चर्चने त्यांना मिशनच्या कामासाठी परदेशी पाठवलं. तिथल्या चर्चची मंडळी छोटी, त्यात म्हातारी माणसं जास्त. आजाऱ्यांना भेटायचं, आठवड्यातून एकदा सगळ्यांसाठी रांधायचं, रविवारी खुर्च्या मांडायच्या, एवढंच काम. अडचण होती ती भाषेची. ती दोघांपैकी कुणालाच येत नव्हती.

मावशीने ती बटाटे सोलता सोलता उचलली. ती बेधडक चुकायची, बायका हसायच्या, त्यांच्याबरोबर हीपण हसायची आणि पुढचं वाक्य ठोकून द्यायची. काकांनी मात्र रीतसर पुस्तक आणलं, एक परिच्छेद महिनाभर घोटला आणि उपासनेत उभं राहून वाचून दाखवला. पुढच्या बाकावरची एक आजी फिसकन हसली. नक्की काय चुकलं ते कुणी सांगितलं नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढलेल्या माणसाला हे फार झोंबलं. त्या दिवसापासून काकांनी तोंडाला कुलूप लावलं. कुणी काही विचारलं की मान हलवायची आणि मावशीकडे बोट दाखवायचं.

कान मात्र उघडे होते. दुसऱ्या हिवाळ्यापर्यंत त्यांना जवळजवळ सगळं कळायला लागलं, आणि त्यांनी ते मावशीला सांगितलं नाही. हे त्यांनी स्वतःच मला पुढे सांगितलं. त्यामागचं कारण ऐकून मी कपाळावर हात मारला. आपल्याला कळत नाही असं समजून बायको आपल्याविषयी काय बोलते, ते त्यांना ऐकायचं होतं.

काका जळत होते, दुसरं काय. पाववाला मावशीला गल्लीच्या टोकापासून हाक मारायचा आणि आपल्या गुडघ्यांची सगळी हकिगत सांगायचा, तेव्हा काका पिशवी धरून बाजूला उभे. स्वयंपाकघरात बायकांचा घोळका आणि मध्ये मावशी, तेव्हा काका दाराशी कांदे निवडत. तिचा तिथला आवाजसुद्धा वेगळा होता म्हणे, मोकळा, थोडा वरच्या पट्टीतला. "इतक्या वर्षांच्या संसारात माझ्याशी कधी त्या आवाजात बोलली नाही," काका मला म्हणाले. वर त्यांच्या हाती काय लागलं? तर काहीच नाही. मावशी पाववाल्याच्या गुडघ्यांविषयी बोलायची, शेजारणीच्या सुनेविषयी बोलायची, आमच्याविषयीही बोलायची. काकांविषयी मात्र एक अक्षर नाही. चांगलं नाही, वाईट नाही. काकांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा, पण विचारणार कसं? विचारलं तर बिंग फुटलं असतं.

मिशनची मुदत संपली तेव्हा तिथल्या लोकांनी आणखी राहायचा आग्रह केला. मावशी म्हणाली, घरी जाऊन कळवते. तेव्हापासून काकांची झोप उडाली. त्यांना घर हवं होतं, त्यांची खुर्ची हवी होती, आणि मुख्य म्हणजे बायको परत हवी होती. निरोप द्यायला आलेल्या बायका मावशीच्या गळ्यात पडून रडल्या. काकांशी त्यांनी हस्तांदोलन केलं, तेही बहिऱ्या नातेवाइकाला भेटल्यासारखं, जरा जास्तच हसून.

घरी आल्यावरही सुटका नव्हती. मावशीचा फोन सारखा वाजायचा आणि ती खिडकीशी जाऊन त्या भाषेत बोलत बसायची. खरं सांगायचं तर मलाही पोटात दुखायचं. मी त्यांचं घर झाडून-पुसून ठेवलं होतं, पडदे धुतले होते, आणि मावशी माझ्याशी बोलता बोलता मध्येच उठून तिकडच्या कुणाच्या सर्दीची चौकशी करत होती. काका वर्तमानपत्र उघडून बसायचे आणि पान उलटायचे नाहीत. परतायचं की नाही हे ती अजून बोलली नव्हती. तेही विचारत नव्हते. जिवाला घोर लागला होता, पण ताठा जात नव्हता.

मग तो रविवार आला. चर्चमध्ये त्यांचं स्वागत होतं. पाळकसाहेब आधी काकांना म्हणाले, "बोला, दोन शब्द." काकांनी मान हलवून मावशीकडे बोट दाखवलं. आता सवयच झाली होती.

मावशी उभी राहिली. छान बोलली. बोलता बोलता तिकडे तिने शेवटपर्यंत सांभाळलेल्या एका म्हातारीची गोष्ट निघाली. म्हातारी जाताना काय प्रार्थना करत होती ते मावशीने तिच्याच भाषेत, तिच्याच शब्दांत म्हणून दाखवलं, डोळे मिटून. म्हातारीची प्रार्थना संपली, तरी मावशी त्याच भाषेत बोलत राहिली. आपण कुठे उभ्या आहोत याचं तिला भानच नव्हतं. आम्ही सगळे माना खाली घालून ऐकत होतो आणि कुणालाही काही कळत नव्हतं.

कळत होतं फक्त काकांना. मावशी म्हणत होती, "प्रभू, माझं मन तिकडेच राहिलंय हे तुला ठाऊक आहे. मला परत जायचं होतं. पण माझ्या नवऱ्याला तिथे बोलायला एकही माणूस नव्हता. दाराशी मुक्यासारखा बसायचा. मी पुन्हा त्याला तसं बसवणार नाही. मी त्यांना नाही म्हणून कळवते. मला त्या गोष्टीचं वाईट वाटू देऊ नकोस. आमेन."

आम्हीही आमेन म्हणालो. मावशीने डोळे उघडले, सगळ्यांचे चेहरे पाहिले आणि ती चपापली. पाळकसाहेब हसून म्हणाले, "ताई, काय मागितलंत ते आम्हालाही सांगा की!"

"काही नाही," मावशी सावरून म्हणाली. "तुम्हा सगळ्यांसाठी आशीर्वाद मागितला."

काका गप्प बसले असते तर जिंकले होते. घर मिळालं होतं, खुर्ची मिळाली होती, बायको मिळाली होती. पण समोर चुकीचं भाषांतर झालं होतं, आणि आमचे काका ते सोडतील तर शपथ. ते ताडकन उभे राहिले.

"ती असं नाही म्हणाली," ते म्हणाले, आणि त्यांनी वाक्यामागून वाक्य आमच्या भाषेत सांगितलं. 'मुक्यासारखा' हा शब्दही गाळला नाही.

मावशी त्यांच्याकडे नुसती बघत राहिली.

घरी येईपर्यंत ती काकांच्या दोन पावलं पुढे चालत राहिली. मी त्यांच्या मागून चालत होते, आणि मला वाटत होतं की आता हिने रडावं, नाहीतर भांडावं, काहीतरी करावं. दार उघडून आत पाऊल टाकलं तशी ती वळली.

"कधीपासून कळतंय तुम्हाला?"

"झालं वर्षभर."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"तू माझ्याविषयी काय बोलतेस ते ऐकायचं होतं," काका म्हणाले. "तू तर कधी काही बोललीच नाहीस. त्या पाववाल्याच्या गुडघ्याइतकीही माझी किंमत नव्हती."

"अहो, मीच सगळ्यांना बजावलं होतं!" मावशी ओरडली. "म्हटलं, ह्यांना भाषा येत नाही, ह्यांच्या देखत ह्यांचं नाव काढायचं नाही. माणसाला वाटतं आपली चेष्टा चाललीय. एकीलाही बोलू दिलं नाही मी. मीही जीभ आवरून बसायचे. आणि तुम्ही तिथे कान लावून बसला होतात!"

काका दाराजवळच्या स्टुलावर बसले.

मावशीने तावातावाने तिकडच्या बायकांना फोन लावला. या वेळी खिडकीशी गेली नाही. काकांच्या समोर उभी राहून, त्याच मोकळ्या, वरच्या पट्टीतल्या आवाजात ती बोलत सुटली. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण विषय कोण आहे ते आंधळ्यालाही कळलं असतं. काकांच्या चेहऱ्यावर एकेक वाक्य बसत होतं. कुठे ते ओशाळत होते, कुठे त्यांचा हात आपोआप वर जाऊन खाली येत होता, आणि एकदा तर चक्क सुखावल्यासारखे दिसले.

मग मावशीने फोन त्यांच्यापुढे धरला आणि माझ्याही कानावर पडावं म्हणून आमच्या भाषेत म्हणाली, "तुम्हाला सगळं कळतंय, तर मी येते म्हणून सांगितलंय. तुम्ही येणार का, ते त्या तुम्हालाच विचारतायत. बोला."

काकांनी फोन घेतला. घसा खाकरला. मी म्हणाले, "मावशी, म्हणजे तू परत जाणार?" तिने हात वर करून मला गप्प केलं. तिला माझ्याकडे बघायला वेळ नव्हता. तिचं सगळं लक्ष काकांच्या तोंडाकडे लागलं होतं.