एकवीसचं फडकं

गोठ्यागोठ्यांत जाऊन गायी भरवणाऱ्या, म्हणजे त्यांना कृत्रिम रेतन करणाऱ्या त्या माणसाला सगळे ‘एकवीस’ म्हणत. रेताची कांडी भरून झाली, हात धुतले, की निघताना त्याचं ठरलेलं वाक्य असे, “एकवीस दिवस बघा. पुन्हा माजावर आली नाही, तर गाभण राहिली समजा.” वीसेक वर्षं त्यानं हे नाव मिरवलं.

यंदा मात्र त्या नावाचं पार हसं झालं. गायी राहीनातच! एकविसाव्या दिवशी ओरडत पुन्हा माजावर. डेअरीत दूध घालायला आलेले लोक त्याला बघून म्हणत, “काय एकवीस, आता बेचाळीस म्हणायचं का?” याच्या तळपायाची आग मस्तकात जाई. “शेणात लोळवता जनावर, आणि बोंब माझ्या नावानं!” असं तो ज्याला त्याला सुनावत असे.

स्वतः तो भलताच टापटिपीचा. कमरेला पांढरंशुभ्र फडकं. आधी त्यानं गायीची मागची बाजू पुसायची, फडकं बादलीत खळबळून घट्ट पिळायचं, पुन्हा कमरेला खोचायचं आणि पुढच्या गोठ्यात जायचं. संध्याकाळी घरी ते साबणात उकळायचं. आहे का कुणाची बोलायची टाप?

सगळ्यात जास्त तो चिडला तो थोरल्या बहिणीवर. अक्काची एकच गाय, तांबडी. जन्मतःच आई गेलेली ती वासरी अक्कानं बाटलीनं दूध पाजून जगवलेली. तीही चार वेळा उलटली, गाभण न राहता पुन्हा माजावर आली. माजावर गळणारा चिकट सोट काचेसारखा हवा, हिच्या सोटात पुवाचे पांढरे ठिपके. गर्भपिशवी आतून पिकलेली. “अक्का, तुझ्या गोठ्यानं माझी अब्रू घालवली,” तो सगळ्यांदेखत ओरडला. साठीची अक्का, गुडघे धरलेले, तरी त्या दिवसापासून रोज गुडघे टेकून फरशी घासू लागली.

तांबडी पाचव्यांदा उलटली, तेव्हा दाजींनी सांगून टाकलं, “सोमवारी व्यापारी येतोय गाय न्यायला.” अक्का दोन दिवस धड जेवली नाही.

शनिवारी एकवीस तणतणत जनावरांच्या दवाखान्यात गेला. डॉक्टरीणबाईंनी उलटणाऱ्या अकरा गायींचे नमुने तपासायला पाठवले होते.

“नऊ जणींत एकच जंतू निघालाय,” बाई म्हणाल्या. “गोठे वेगळे, चारा वेगळा, पाणी वेगळं. मग सारखं काय आहे हो?”

“घाण! दुसरं काय?”

“बरं, तुम्ही काम कसं करता, ते दाखवा बघू.”

त्यानं ऐटीत कमरेचं फडकं काढलं, पाण्यात बुडवलं, पिळलं.

“आणि पुढच्या गायीला?”

“हेच की. स्वच्छ पिळून घेतो ना!”

बाई त्या फडक्याकडे बघत राहिल्या. मग त्यानंही बघितलं. पांढरंशुभ्र, ओलं. एकीचं पुसून दुसरीला, दुसरीचं तिसरीला.

“प्रत्येकीला कोरडा, नवा कागद घ्यायचा,” बाई हळूच म्हणाल्या. “आणि तांबडीला हे औषध. दोन माज सोडून द्या, भरवू नका. पिशवी सुधारेल.”

औषध घेऊन तो अक्काकडे गेला. दाजी दारातच बसले होते.

“दीड महिना थांबू?” दाजी वैतागले. “कशासाठी? गोठ्यातच दोष आहे, तर पुन्हा तेच होणार. हे तुम्हीच म्हणालात ना, चारचौघांत?”

आत अक्का फरशी घासत होती. ब्रशचा आवाज येत होता. गप्प बसलं, तर नाव शाबूत राहणार होतं आणि परवा तांबडी जाणार होती. एकवीसला स्वतःचाच भयंकर राग आला.

“दाजी, गोठ्यात दोष नव्हता,” तो म्हणाला. “माझ्या फडक्यात होता. नऊ गायींत तोच जंतू निघालाय, मीच तो हिच्यापर्यंत आणला. गाय ठेवा.”

ब्रशचा आवाज थांबला. अक्का भिंत धरून उठली आणि दारात आली. गुडघ्यांवर ओले डाग होते. दाजींनी तिच्याकडे बघितलं, मग फोन काढून व्यापाऱ्याला सोमवारी येऊ नका म्हणून सांगितलं.

“तीन आठवडे घासतेय रे मी,” अक्का म्हणाली.

त्याला मान वर करवेना.

तिनं पुढे होऊन त्याच्या कमरेचं फडकं ओढून घेतलं. “मला सांगितलंस. आता बाकीच्या आठ जणींच्या दारी कधी जातोस?”